पोरगं एकशे सहा किलोचं आहे, आता पुढं काय?

निपाणीजवळच्या एका गावातून एका वडिलांनी विचारलंय. मुलगा अठरा पूर्ण, नुकतीच बारावी झाली, उंची सहा फुटांच्या वर, वजन १०६ किलो. दोन वर्षं गावच्या तालमीत जातोय, आसपासच्या यात्रांत खालच्या नंबरच्या कुस्त्या मारतोय. त्याला मोठ्या गटातला पैलवान व्हायचंय, कोल्हापूरला जायचंय, आणि जमलं तर टीव्हीवर दिसते त्या कुस्तीतही उतरायचंय. घरची शेती तीन एकर, सगळा ऊस. वडिलांचं म्हणणं असं, की हे आयुष्य नेमकं कसं असतं, त्यात पोट भरतं का, आणि तिशी उलटल्यावर हा पोरगा काय करणार, ते कुणीतरी स्पष्ट सांगावं.

आधी उत्तर, मग कारणं. पोराला कोल्हापूरच्या तालमीत घाला. एवढी उंची, रुंद मनगट आणि अठराव्या वर्षी शंभरी पार, असं हाड तालुक्यात क्वचित निघतं. पण जड गटाची कुस्ती ही फार तर दहा-बारा वर्षांची नोकरी, तीही पेन्शन नसलेली. सुरू करतानाच ती संपल्यावरचं बघून ठेवावं लागतं. आणि आपण सीमाभागातली माणसं, म्हणून एक गोष्ट जादा: कुठल्या राज्याकडून खेळायचं ते अगोदर ठरवावं लागतं. कोल्हापूरच्या पोराला हा प्रश्न पडत नाही, दावणगेरेच्या पोरालाही नाही. आपल्याच पोरांना पडतो, आणि तोही बहुतेक वेळा उशिरा.

टीव्हीवरच्या कुस्तीचं थोडक्यात उरकतो. त्या कुस्तीला मी नाक मुरडत नाही. पडायचं कसं, आपटायचं कसं, समोरच्याचं अंग सांभाळायचं कसं, यालाही कसब लागतं. पण तिथं निकाल आधीच ठरलेला असतो आणि माणूस निवडताना शरीर आणि अभिनय बघतात. हिमाचलचा दलीपसिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, २००७ मध्ये तिथला जागतिक हेवीवेट विजेता झाला. सात फुटांचा माणूस, पंजाब पोलिसात होता, शरीरसौष्ठवातून तिकडं गेला. जालंधरला आता त्याची स्वतःची शाळा आहे. दारासिंग यांची गोष्ट वेगळी. ते आखाड्यात तयार झाले, मग व्यावसायिक फ्रीस्टाइलमध्ये गेले, किंग काँग नावाच्या मल्लाशी लढले आणि १९६८ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेते ठरले. पोराला सांगा, आधी इथं नाव होऊ दे. नाव झालं तर ती दारं आपोआप उघडतात, आणि नाही उघडली तरी काही अडत नाही.

आता तुमच्याच भागातलं उदाहरण घेतो. चिक्कोडी तालुक्यातलं एकसंबा तुम्हाला काही लांब नाही. श्रीपती खंचनाळे तिथले. १९५९ मध्ये दिल्लीत त्यांनी हिंदकेसरीची गदा मारली, तेव्हा ते चोवीस-पंचविशीत होते. महाराष्ट्राचे पहिले हिंदकेसरी म्हणून त्यांचं नाव घेतात. गंमत बघा, बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ लाच मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातला होता. म्हणजे हिंदकेसरी झाले तेव्हा त्यांचं गाव तीन वर्षं म्हैसूर राज्यात होतं, आणि गदा मात्र कोल्हापूरच्या मिरवणुकीत होती. पुढं ते कोल्हापूरचेच झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथंच वारले, वय ८६. जड गटातला पैलवान ८६ वर्षं जगला, हेही ध्यानात ठेवा. त्याच्याकडं मी शेवटी येणार आहे.

त्यांच्या काळी पैलवानाला राज्य विचारत नव्हते. कुठल्या तालमीचा, कुणाचा पठ्ठा, एवढंच विचारत. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला जो आधार दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, त्याचा फायदा घाटाखालच्या गावांपासून अथणी-रायबागपर्यंतच्या पोरांना मिळाला. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत आजही कानडी बोलणारी पोरं मराठी पोरांच्या ताटात जेवतात. बेळगावही काही मागं नव्हतं. शहापूरच्या आनंदवाडी आखाड्यात देशातले मोठे मल्ल येऊन लढून गेलेत. सत्तरच्या दशकात लातूरच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला पाडलं ते बेळगावातच. तो सतपाल पुढं १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत शंभर किलोत सुवर्ण घेऊन गेला, म्हणजे कुठल्या ताकदीच्या माणसाला पाडलं होतं ते कळेल. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या कुस्तीचं वर्णन अजून उभं राहूनच करतात, बसून जमत नाही त्यांना.

आता मेहनतीकडं येतो. इथंच जास्त पोरं बिघडतात.

गावच्या तालमीत जुना हिशेब चालतो: हजार जोर, दोन हजार बैठका. सत्तर किलोच्या पोराला तो हिशेब चालतो. १०६ किलोच्या पोराला नाही. अठराव्या वर्षी त्याचे गुडघे अजून पक्के व्हायचे असतात आणि प्रत्येक बैठकीला एवढं वजन त्यांच्यावरून खाली-वर होतं. माझ्याकडं जड पोरगं आलं की पहिलं सहा महिने मी बैठका कमी करतो आणि हातात फावडं देतो. हौदा, म्हणजे तालमीतला मातीचा आखाडा, रोज उकरायचा. तांबडी माती, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलेलं. ती दाबून बसली की दगडासारखी होते. तासभर ती खणून, उलटून, सारखी करायची म्हणजे कंबर, पाठ, मनगट, मांडी सगळ्यांना काम मिळतं आणि गुडघ्यावर आपट बसत नाही. त्याच्या जोडीला दोर चढणं, विहिरीत पोहणं, चढावर भरभर चालणं. जोर मात्र भरपूर. खांदा आणि मान यांना जोरासारखी मेहनत दुसरी नाही. मानेसाठी वेगळी गर्दनी असतेच.

वजन वाढवायची घाई तर अजिबात नको. पोरगं शंभरीच्या पुढं गेलं की घरच्यांना वाटतं, आता १३० करा, डोंगर दिसला पाहिजे. मॅटवर, म्हणजे गादीवरच्या स्पर्धेच्या कुस्तीत, मोठ्या गटाची वरची हद्द १२५ किलो आहे. पूर्वी हद्दच नव्हती. ऐंशीच्या दशकात १३० आली, २००२ मध्ये १२० झाली, २०१४ पासून १२५ आहे. त्यावर एक किलो चढलं तरी काट्यावरच बाद. आणि हद्दीत बसला तरी, ११२ किलोचा दमदार पोरगा १२४ किलोच्या मऊ पोराला सहज पाडतो. मी तर म्हणतो, दोन वर्षं १०६ चं १०८ सुद्धा होऊ देऊ नका. आहे त्याच वजनात चरबी गळून मांस येऊ दे. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला आणि काटा तिथंच राहिला, की समजा मेहनत बरोबर चाललीय.

खुराकाचा खर्च तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. मोठ्या गटातल्या पोराचा माझा साधारण हिशेब असा: रोज तीन लिटर म्हशीचं दूध, दीडशे ग्रॅम बदाम, शंभर ग्रॅम तूप, सात-आठ अंडी, केळी आणि हंगामातलं फळ, आठवड्यातून तीनदा अर्धा किलो मटण, आणि दोन वेळचं भाकरी-भात-आमटीचं जेवण. आजच्या भावानं दिवसाला आठशेच्या पुढं जातं, महिन्याला चोवीस-पंचवीस हजार. दूध आणि तूप घरचं असेल तर पंधरा-सोळावर येतं. घरची म्हैस असली तर ती विकू नका, एवढंच सांगतो. तीन एकर उसाची बिलं वर्षातून एकदा आणि खुराक रोज. या दोन गोष्टींचा मेळ बसवताना घरं कर्जात जातात, ते मी जवळून बघतोय. पहिली तीन वर्षं पोरगं काही कमावणार नाही, असं धरूनच हिशेब मांडा.

बदाम भिजवून, सोलून, पाट्यावर वाटून थंडाई करायची ती जुनी रीत चांगलीच आहे, त्यात बदल नको. डब्यातली पावडर घ्यायची झाली तर मोहरबंद आणि बिलासह घ्या. माझ्याकडच्या एका पोराला बेळगावातल्या एका जिमवाल्यानं ‘ताकदीचं’ म्हणून इंजेक्शन टोचलं. तीन महिन्यांत खांदे फुगले, तोंडावर पुटकुळ्या उठल्या आणि पोरगं सरावात दुसऱ्यांच्या अंगावर धावून जायला लागलं. मॅटच्या स्पर्धांत नाडाचे, म्हणजे उत्तेजक औषधं पकडणाऱ्या सरकारी संस्थेचे, लोक लघवीचा नमुना घेतात. स्टेरॉइड सापडलं तर चार वर्षांची बंदी होऊ शकते, आणि बारा वर्षांच्या कारकिर्दीतली चार गेल्यावर उरलं काय? शिवाय काळीज आणि लिव्हर यांचं वेगळंच. वस्तादाला न विचारता अंगात काहीही जायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला.

जड गटाची कुस्ती वेगळी कशी, ते जवळून सांगतो.

सलामी झाली, हलगी चढली, दोघं भिडले. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दहा मिनिटं नुसते डोकं लावून उभे आहेत, काही करत नाहीत. करत असतात. उजवा पंजा समोरच्याच्या मानेमागं, आपलं कोपर त्याच्या गळपट्टीच्या हाडावर, आणि हाताचं सगळं वजन तिथं सोडून दिलेलं. ओढायचं नाही, नुसतं लटकायचं. कपाळ त्याच्या कानशिलाला. दर पाच-सहा श्वासांनी एक हिसका. त्याचं वजन टाचेवरून चवड्यावर येतं की नाही, ते त्या हिसक्यात कळतं. १२० किलोच्या माणसाची मान अशी सात-आठ मिनिटं दाबून धरली की तो तोंडानं श्वास घ्यायला लागतो. कपाळ लावलेलं असल्यामुळं ते ऐकू येतं. तोंडानं श्वास सुरू झाला की पोटऱ्या कापायला लागतात, आणि पोटऱ्या कापल्या की पाय मागं घ्यायला अर्धा क्षण उशीर होतो. तो अर्धा क्षण म्हणजेच डाव.

मग एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरायचा डाव. इथं जड पोरं मानेला मार लावून घेतात. पटात शिरताना कंबर मागं राहिली आणि डोकं खाली गेलं, तर समोरचा पाय मागं फेकून वरून पडतो. सगळं वजन मानेच्या मणक्यावर येतं. शिरायचं ते छाती उभी ठेवून, कान त्याच्या मांडीला चिकटवून, आणि पाय सरळ ओढायचा नाही. पाय छातीशी आवळून त्याच्या भोवती फिरायचं. सरळ ओढलेला जड माणूस जागचा हलत नाही, फिरवलेला बसतो. बसला की मागं जाऊन कब्जा. पुढं घिस्सा मारायचा की एकचाक काढायची, यातला कुठला डाव, ते त्याचा कोणता हात जमिनीवर आहे त्यावर ठरतं.

तुमच्या पोराची परीक्षा घ्यायची तर डाव किती येतात ते विचारू नका. आपल्याएवढ्याच वजनाच्या दोघांशी, एकामागून एक, दहा-दहा मिनिटं लढू द्या. दुसऱ्याच्या सहाव्या-सातव्या मिनिटाला त्याचा हात मानेवरून खाली घसरतो का, तेवढं बघा. घसरला तर दम कमी, तो वाढवता येतो. पण हात घसरल्यावर तो हसला, रेंगाळला, लांग नीट करायच्या निमित्तानं थांबला, तर मग विचार करा. तो स्वभाव आहे. मेहनतीनं जात नाही.

मातीत वेळेचं बंधन सैल. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत. खाली गेलेला जड मल्ल पोटावर पालथा पडून राहिला तर वरच्याचा घाम काढतो, कारण एवढं धूड उलटणं सोपं नाही. मॅटवर हे चालत नाही. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. खाली काही घडलं नाही तर पंच लगेच उभं करतो. समोरच्याच्या मागं जाऊन कब्जा केलास तर दोन गुण, वर्तुळाबाहेर गेलास तर समोरच्याला एक, दहाचा फरक पडला की कुस्ती संपली. नुसतं डोकं लावून उभं राहिलास तर ताकीद, मग तीस सेकंदांत गुण मिळव, नाहीतर समोरच्याला गुण. म्हणजे मातीत जो गुण तोच तिथं दोष. धीर धरून मान दाबायची ती सहा मिनिटांत बसवावी लागते.

आपल्या देशाची ऑलिम्पिक पदकं बघा. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांचं, मग सुशीलकुमार, योगेश्वर, साक्षी, रवी, बजरंग, आणि २०२४ मध्ये अमन. यातलं एकही पदक ६६ किलोच्या वरचं नाही. आशियाई आणि राष्ट्रकुल पातळीवर मोठ्या गटांत मिळालीत. मारुती माने आणि गणपतराव आंदळकर, दोघांनीही १९६२ च्या जकार्ता स्पर्धेत सुवर्ण आणलं. दादू चौगुलेंनी १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चला शंभर किलोवरच्या गटात रौप्य आणलं. सगळे कोल्हापूर-सांगलीच्या मातीतले. पण ऑलिम्पिकचं पदक जड गटात अजून नाही. माझ्या मते मुख्य कारण पैसा. हलक्या पोराला यात्रेत फारसं इनाम नाही, म्हणून तो मॅटवर जातो आणि तिथंच राहतो. जड पोराला विसाव्या वर्षापासून पोस्टरवर फोटो आणि हातात रोख मिळते. तो हंगामभर माती सोडत नाही, आणि मॅटचा वेग अंगात येतच नाही. तुमच्या पोराला यातून वाचवायचं असेल तर तालीम अशी बघा, जिथं मॅट आहे आणि आठवड्याचे चार दिवस त्यावर सराव होतो. फक्त हौदा असलेली तालीम कितीही जुनी, कितीही नावाची असली तरी या पोराला पुरणार नाही.

आता राज्याचा प्रश्न.

तुमचं रेशनकार्ड, आधार, शाळेचा दाखला सगळं कर्नाटकातलं. म्हणजे राज्य निवड कर्नाटक कुस्ती संघटनेकडून. तिथून राष्ट्रीय स्पर्धेत जायचं. म्हैसूर दसऱ्याच्या कुस्त्या, दसरा केसरी, कर्नाटक केसरी, हे सगळं त्याला खुलं आहे. आणि खरं सांगायचं तर १२५ च्या गटात कर्नाटकात गर्दी कमी असते. महाराष्ट्रात त्याच गटात तुमच्या पोरासारखे ढिगानं उभे. महाराष्ट्र केसरीचा मोह प्रत्येक मराठी पोराला असतो. ८६ ते १२५ किलोचा तो खुला गट, ती चांदीची गदा, कुणाला नको? पण त्यासाठी महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या निवड चाचणीतून जावं लागतं, आणि त्याला तिकडचे कागद लागतात. कुणीतरी भेटतो, म्हणतो मी दाखला करून देतो, वयही दोन वर्षांनी कमी दाखवू. त्या माणसाला दारात उभं करू नका. बनावट जन्मदाखल्यांवरून भारतीय कुस्ती महासंघानं २०२५ मध्ये पैलवान निलंबित केलेत. दोन राज्यांत दोन दाखले सापडले की दोन्हीकडची दारं बंद.

भाषेचा अभिमान मलाही आहे. येळ्ळूरच्या यात्रेतल्या मैदानाला लोक महाराष्ट्र मैदान म्हणतात आणि मी तिथं अभिमानानं बसतो. पण पोराच्या कारकिर्दीचा कागद हा वेगळा विषय. माझा सल्ला असा: सराव कोल्हापुरात, यात्रेच्या कुस्त्या दोन्ही बाजूंना, आणि स्पर्धेचा अर्ज कर्नाटकातून. अठराला तो वीस वर्षांखालच्या गटात बसतो, दोन हंगाम हातात आहेत. त्यात राज्य पातळीवर पहिला आला तर राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथं पदक मिळालं तर रेल्वे, सेनादल, पोलीस यांच्याकडून खेळाडू म्हणून नोकरीची खरी शक्यता. बेळगावातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात मुलांची क्रीडा कंपनी आहे, कुस्तीसाठी तिथं पोरं घेतात, पण ती आठ ते चौदा वयाची. तुमचा पोरगा त्या वयातून गेला. धाकटा कुणी असेल तर मात्र चौकशी करा.

८६५ गावांच्या यादीत तुमचं गाव असेल तर महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करायची सवलत आहे, ती वेगळी. तिचा उपयोग पुढं होईल. पण खेळाडू म्हणून जागा मागताना प्रमाणपत्र कुठल्या स्पर्धेचं आणि कुठल्या संघाकडून, हे तपासतातच.

यात्रेच्या पैशाचं आता. दिवाळी झाली, सुगी आटोपत आली की हंगाम सुरू. माघ ते वैशाख तो ऐन भरात, आणि पाऊस आला की बंद. मैदानाची कमिटी जोड ठरवते, किंवा कमिटीच्या वतीनं एखादा जाणकार ठरवतो. पहिल्या नंबरची कुस्ती लाखांत जाते, खालच्या नंबरांना काही हजार. रक्कम आणि प्रवासखर्च आधी बोलून घ्यायचा, आणि बोलणं वस्तादानं करायचं, पोरानं नाही. बरोबरीत सुटली तर काय, जखम झाली तर दवाखाना कुणाचा, हेही आधीच. एका गावच्या कमिटीनं माझ्या पोराचा गुडघा सुजल्यावर ‘कुस्ती निकाली झाली नाही’ म्हणून निम्मे पैसे कापले होते. तेव्हापासून मी चिठ्ठीवर लिहून घेतो. चिठ्ठी मागितली म्हणून कुणी रागावत नाही. रागावला तर त्या मैदानात जायचंच नाही.

आणि नुरा कुस्ती. दोघांनी आधी ठरवून बरोबरीत सोडवायची, पैसे वाटून घ्यायचे. हे होतं, लपवून उपयोग नाही. मोठ्या गटात जास्त होतं, कारण तिथं पैसा जास्त आणि दुखापतीची भीतीही जास्त. पोरगं एकदा त्यात गेलं की प्रेक्षक ओळखतात. आपल्याकडचा प्रेक्षक अडाणी नाही, मानेवरचा हात खरा की दिखाऊ ते तो शेवटच्या रांगेतून सांगतो. मग पुढच्या वर्षी त्या पट्ट्यातल्या एकाही पोस्टरवर नाव लागत नाही.

दुखापतींत गुडघा पहिला. आतली गादी किंवा लिगामेंट फाटलं की पोरं मालिश करून, पट्टी बांधून लढत राहतात. गुडघा फिरताना ‘कट’ आवाज आला आणि तासाभरात सुजला, तर मालिशवाल्याकडं नाही, हाडाच्या डॉक्टरकडं आणि एमआरआय. कान फुगला तर तो फोडून रक्त काढायचं काम डॉक्टरचं, तालमीतल्या सुईचं नाही. मोडलेला कान पैलवानाचा दागिना मानतात, मी नाही मानत. हाताला मुंग्या येत असतील आणि मान दुखत असेल, तर त्या दिवसापासून सराव बंद, तपासणी होईपर्यंत.

आता तिशीनंतरचं. पैलवान कुस्ती सोडतो, पण खुराक सोडत नाही, हा जड गटाचा मोठा रोग. मेहनत शून्य आणि दूध तेवढंच, तूप तेवढंच, लग्नकार्यात मान म्हणून ताट दुप्पट. पाच वर्षांत १२० चं १५० होतं, मग साखर, रक्तदाब, रात्री घोरताना श्वास अडकणं, आणि जिना चढताना गुडघा. एकाहून एक ताकदीची माणसं पन्नाशीत काठी घेऊन चालताना मी बघतो. खंचनाळे ८६ वर्षं जगले ते म्हणून ध्यानात ठेवा म्हणालो. शेवटची कुस्ती मारली त्याच महिन्यापासून दूध निम्मं, तूप चमच्यावर, मटण आठवड्यातून एकदा, आणि रोज सकाळी तास-दीड तास चालणं. वर्षभरात पंधरा-वीस किलो उतरले पाहिजेत. हे पोराला आत्ताच सांगून ठेवा, कारण तिशीत तो कुणाचं ऐकणार नाही.

शेवटी शिक्षण. बारावीवर थांबवू नका. कॉलेजात नाव घातलं तर आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते, आणि तिथं रहिवासी कुठला ते बघत नाहीत, प्रवेश कुठं घेतलाय ते बघतात. म्हणजे कोल्हापूरच्या कॉलेजात प्रवेश घेतला तर तो शिवाजी विद्यापीठाकडून खेळेल, बेळगावात घेतला तर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडून. कोल्हापूर घ्या, तालीम जवळ पडते. पदवी हातात असली की पुढं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा करता येतो, किंवा बी.पी.एड. करून शाळेत लागता येतं. प्रवेशाच्या तारखा निघून जायच्या आत कोल्हापूरला एक फेरी मारा, दोन-तीन तालमी आतून बघा, संध्याकाळच्या लढतीच्या वेळी बघा. त्यातली एक पक्की केलीत की मला कळवा. तिथल्या वस्तादांशी वजनाचं आणि बैठकांचं मी बोलून घेतो.